शनिवारी करवत बाजूला ठेवा

ताई, मी पंचेचाळिशीतला, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा माणूस. घरामागच्या खोलीत छोटंसं वर्कशॉप आहे: जिगसॉ, ड्रिल, हातरंधा आणि नुकताच घेतलेला, लाकडात खाचा पाडणारा राउटर. आजवर फडताळं, स्टुलं असं काहीबाही केलं. आता डोक्यात इलेक्ट्रिक गिटार आहे. मुलगी बरीच वर्षं गिटार वाजवते. चार महिन्यांनी तिला अठरा पूर्ण होतील, तेव्हा माझ्या हातची गिटार तिला द्यायची, तोवर पत्ता लागू द्यायचा नाही. आजोबांचं टेबल मोडीत निघालंय, त्याच्या फळीवर बॉडीचा आकार आखून झाला आणि शनिवारी कापायला घेतोय. अडलंय नेकपाशी, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यापाशी. भाऊ म्हणतो, नेक विकत आणलास तर ‘शून्यापासून बनवली’ म्हणायचा हक्क नाही. पिकअपसुद्धा (तारांचं थरथरणं विजेत बदलणारी चुंबकाची गुंडाळी) स्वतः गुंडाळ. त्याचं खरं का? टेबलाचं लाकूड कुठलं ते माहीत नाही, चालेल का? आणि चार महिन्यांत होईल ना?
– भुशात रमलेला बाप

आधी शनिवारचं बोलू. फळी कापू नका. आखलेला आकार तसाच राहू द्या आणि जिगसॉ कपाटात ठेवा.

गिटार बनवायला घेणारा जवळपास प्रत्येक जण बॉडीपासूनच सुरुवात करतो. साहजिक आहे. फोटोत तीच दिसते, आणि ती दोन शिंगं कापून निघाली की अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात बॉडी म्हणजे नेक, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) आणि पिकअप यांना जागच्या जागी धरून ठेवणारी फळी. तिची कड दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. फ्रेट, म्हणजे नेकवरची आडवी धातूची पट्टी, अर्ध्या मिलिमीटरने चुकला तर तुमच्या मुलीच्या कानाला तो खुपेल. शिवाय चौकोनी फळीला सरळ कडा असतात. गुण्या लागतो, क्लॅम्प बसतो, मध्यरेषा दोन्ही बाजूंनी मोजून खात्री करता येते. वळणं कापलीत की हे सगळं गेलं. म्हणून नेकची खाच, पिकअपचे खड्डे, ब्रिजची जागा आखणं हे सगळं फळी चौकोनी असतानाच करायचं आणि बाहेरचा आकार त्यानंतर.

शनिवारी त्याऐवजी मोठा कागद पसरा आणि गिटारचं खऱ्या मापाचं चित्र काढा. सुरुवात एका सरळ मध्यरेषेने. तिच्यावर नटची, म्हणजे नेकच्या डोक्याकडच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, जागा आणि तिथून स्केल लेंग्थच्या अंतरावर ब्रिजची रेघ. ६४८ मिलिमीटर, म्हणजे साडेपंचवीस इंच, हे माप धरा. या मापाचं सुटं सामान सहज मिळतं. मुलीच्या सध्याच्या गिटारचं माप आधी घ्या मात्र. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतच्या अंतराची दुप्पट म्हणजे स्केल लेंग्थ. ती ६२८च्या आसपास निघाली तर मुलीची बोटं त्या अंतराला सरावलेली आहेत, तेच ठेवा.

फ्रेटच्या जागांचा हिशोब सोपा आहे. नट ते ब्रिज या अंतराला १७.८१७ने भागलं की पहिला फ्रेट मिळतो: ६४८ला तो नटपासून ३६.३७ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या अंतराला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, असं करत जायचं. बारावा फ्रेट बरोब्बर ३२४वर आला पाहिजे, नाहीतर गणितात कुठेतरी घसरलात. आकडे असे एकामागून एक काढले तरी लाकडावर आखताना प्रत्येक फ्रेट नटपासूनच मोजायचा. मागच्या फ्रेटपासून पुढचा मोजत गेलात तर पेन्सिलीच्या टोकाएवढी चूकही विसाव्या फ्रेटपर्यंत साठत जाते. आणि वरच्या फ्रेटना चूक सोसत नाही. बाराव्या-तेराव्यामध्ये साधारण १८ मिलिमीटर अंतर असतं, विसाव्या-एकविसाव्यामध्ये जेमतेम साडेअकरा. एवढ्यात अख्खा अर्धा स्वर मावायचा असतो. तिथे एक मिलिमीटर चुकलं तर स्वर आठ-नऊ सेंटनी, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळपास अकराव्या-बाराव्या हिश्शाने सरकतो.

आता भावाचं. त्याच्या व्याख्येने पाहिलं तर जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या घरगुती गिटारलाही नापास करावं लागेल. क्वीन या रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, वडिलांबरोबर घरी गिटार बनवायला घेतली. नेक एका जुन्या फायरप्लेसच्या महोगनी चौकटीतून कोरला. त्यात वाळवीसारख्या किड्याने पाडलेली भोकं होती, ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. ट्रेमोलोच्या (स्वर हलवणाऱ्या दांडीच्या) स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या. फ्रेटबोर्डवरचे (फ्रेट बसतात त्या पातळ फळीवरचे) ठिपके शिंपल्याच्या बटणांचे. पिकअपही त्यांनी आधी स्वतः केले होते, पण तार ताणली की त्यांचा आवाज बिघडायचा. मग त्यांनी बर्न्स कंपनीचे तयार पिकअप आणून बसवले. तीच गिटार त्यांनी पुढे क्वीनच्या रेकॉर्डिंगमध्ये आणि स्टेजवर दशकानुदशकं वाजवली. ती त्यांनी घरी बनवलेली नाही, असं भावाने म्हणून दाखवावं.

पिकअप तुम्हीही विकतच घ्या. चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे एकसारख्या ताणाने घालायचे, एकदा तार तुटली की पुन्हा पहिल्यापासून. छंद म्हणून मजेदार आहे, मुदत असलेल्या कामात नाही. खुंट्या, ब्रिज, पॉटेन्शिओमीटर (आवाज कमी-जास्त करणारी बटणं), फ्रेटची तार, ट्रस रॉड (नेकच्या आतली पोलादी कांब) हे तर सहसा कुणी घरी करत नाही.

नेक मात्र स्वतः करा. भावासाठी नव्हे, तुमच्या मुलीचा हात रात्रंदिवस फिरणार आहे तो नेकवर, बॉडीला ती फारशी हातही लावणार नाही. एका बाबतीत सवलत घ्या: फ्रेटच्या खाचा पाडलेला फ्रेटबोर्ड तयार मिळतो, तो आणा. अठरा-एकोणीस इंची लाकडावर अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या जास्त रुंदीच्या बावीस खाचा, सगळ्या काटकोनात आणि एकाच खोलीच्या, हे पहिल्याच गिटारला हाताने जमवण्याचा हट्ट मला पटत नाही. (वरचं गणित तरीही करा. तयार बोर्डही मोजून घ्यायचा असतो.)

टेबलाबद्दल. जुनं लाकूड म्हणजे चांगलीच गोष्ट, कारण त्याचं वाकणं, आकसणं एव्हाना उरकलेलं असतं. ते कुठल्या झाडाचं हे कळलं नाही तरी चालेल, वजन कळलं पाहिजे. एका चौकोनी तुकड्याची लांबी, रुंदी, जाडी मीटरमध्ये घेऊन गुणा, तो तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, वजनाला त्या गुणाकाराने भागा. घनमीटरला ५५० किलोच्या आसपास आलं तर बॉडी दोन-सव्वादोन किलोची होईल, छान. ८५०च्या वर गेलं तर तीन किलोंहून जड होईल आणि मुलीचा खांदा दुखेल. मग आतून पोकळ्या पाडाव्या लागतील. बॉडी ४५ मिलिमीटर जाड लागते आणि टेबलाची फळी बहुधा २५चीच असेल. दोन थर चिकटवा, सांध्याच्या बाजू रंध्याने इतक्या सपाट करा की दाब न देताही मध्ये उजेड दिसू नये. त्याआधी सगळ्या लाकडावरून लोहचुंबक फिरवा. मोडलेला खिळा राउटरच्या पात्याला लागला तर पातं जातं आणि तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही.

‘या लाकडाचा आवाज कसा येईल’ असं तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी तुम्हाला नक्की ऐकवेल, म्हणून आधीच सांगते: मनावर घेऊ नका. पोलादी तार चुंबकावर थरथरते आणि वेढ्यांमध्ये वीज निर्माण होते, पिकअप ऐकतो तो एवढंच. पिकअप कुठला, तारेपासून किती अंतरावर, तारा किती जाड, याने जो फरक पडतो त्यापुढे टेबल सागाचं की महोगनीचं हा वाद मला तरी चहाच्या टपरीवरचा वाटतो. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४०च्या सुमारास चार इंच जाडीच्या पाइनच्या साध्या ठोकळ्यावर तारा चढवल्या होत्या. वाजायचं उत्तम; लोकांना तो गिटारसारखा दिसेना म्हणून त्याला दोन बाजूंनी जुन्या गिटारच्या फाका जोडल्या.

टेबलाचे पाय टाकले तर नाहीत ना? सरळ, चौकोनी पाय असतील तर त्यातून नेकचं लाकूड निघू शकतं. बावीस फ्रेट आणि खुंट्यांचं डोकं धरून ६७० मिलिमीटरच्या आसपास लांबी लागते. पायाच्या वरच्या टोकाला सांध्याच्या खाचा असतील, त्या सोडून तेवढी मिळते का बघा. डोक्याला रुंदी कमी पडली तर दोन्हीकडून पट्ट्या चिकटवता येतात. टोकाकडून पाहा: वार्षिक वलयांच्या रेघा फ्रेटबोर्डला काटकोनात उभ्या येतील असा तुकडा कापायचा, आणि बाजूने पाहिल्यावर तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेले पाहिजेत. मध्येच तिरके बाहेर पडत असतील किंवा गाठ असेल, तर त्या पायाचं स्टूल करा. सहा तारा मिळून नेकला सुमारे ४५ किलोंच्या ओढीने वाकवत असतात, दिवसरात्र.

त्या ओढीला उत्तर म्हणून आत ट्रस रॉड असतो. त्याची खाच लाकूड चौकोनी असतानाच राउटरने पाडा, रॉड हाताने दाबून बसेल इतकी घट्ट. बसवण्याआधी रॉड बाहेरच दोन्ही दिशांना फिरवून वाकतो का ते पाहून घ्या, कारण फ्रेटबोर्ड चिकटल्यावर तो पुन्हा दिसणार नाही. गोंद आत जाऊ नये म्हणून खाचेवर चिकटपट्टी लावा, बाजूंना गोंद लावून ती काढा, मग फ्रेटबोर्ड ठेवा. क्लॅम्प आवळताना ओला बोर्ड हमखास घसरतो. टोकांजवळच्या दोन फ्रेटखाचांमधून बारीक खिळे अर्धवट ठोकून ठेवा, सुकल्यावर काढा, ती भोकं फ्रेटखाली झाकली जातात.

मागची गोलाई कोरण्याआधी एक वजाबाकी कागदावर लिहून भिंतीला लावा. पहिल्या फ्रेटपाशी जाडी २१ मिलिमीटर ठेवलीत, त्यात फ्रेटबोर्ड ६, रॉडची खाच समजा साडेनऊ, तर रॉडच्या मागे साडेपाच मिलिमीटर लाकूड उरतं. पातळ नेक छान लागतो म्हणून १८पर्यंत गेलात तर उरतं अडीच, आणि रॉड आवळताना ते फुटू शकतं. तुमच्या रॉडची खोली मोजून तुमचे आकडे घाला. कोरताना आधी पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी हव्या त्या जाडीच्या दोन खाचा कानशीने काढा, मग त्यांच्यामधलं लाकूड उतरवा, सपाट पैलू पाडत पाडत शेवटी गोल.

इथे तुमचं गुपित फुटणार आहे, आणि फुटलेलंच बरं. नेकची गोलाई ज्याची त्याला कळते. मुलीचा अंगठा नेकच्या मागे राहतो की वरून डोकावतो, तळहात केवढा, ती बोटांनी तारा किती ओढते, हे तुम्ही लपूनछपून मोजणार कसं? अर्धवट कोरलेला नेक तिच्या हातात द्या आणि कुठे जाड लागतो ते पेन्सिलीने तिलाच खुणा करू द्या. चकित करण्याचा आनंद थोडा कमी होईल. पण हाताला न बसणारी गिटार तुमचं मन राखायला वाजवत बसण्यापेक्षा तिला हे आवडेल.

फ्रेट ठोकणं भीतीदायक वाटतं, तेवढं ते नाही. फ्रेटच्या तारेला बोर्डाच्या गोलाईपेक्षा किंचित जास्त बाक द्या, आधी दोन टोकं आणि मग मधला भाग ठोका. खरं काम त्यानंतरचं. रॉड फिरवून नेक पूर्ण सरळ करा. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करने रेघ ओढा. खात्रीच्या सपाट, लांब पट्टीला ३२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून ती पट्टी नेकच्या लांबीवर हलकेच फिरवा, वजन न टाकता. आता निरखून बघा: काही फ्रेटवरची शाई एका फटक्यात गेलेली असते आणि तिथे चकचकीत पट्टा दिसतो, काहींवर ती जशीच्या तशी असते. शाई न गेलेले फ्रेट खाली बसलेत. सगळ्यांवर सलग चमक येईपर्यंत हळूहळू घासा, आणि शेवटच्या फ्रेटवरची शाई गेली त्या क्षणी हात थांबवा. आता माथे चपटे झालेत. पुन्हा शाई लावून क्राउनिंग फाइलने (फ्रेटसाठीच्या खोलगट कानशीने) दोन्ही बाजू गोल करा, मध्ये शाईची दोऱ्याएवढी रेघ उरेपर्यंत. ती रेघ पुसू नका, तुम्ही समतल केलेली उंची तिथेच आहे. पहिल्यांदा करताना अख्खी सुट्टी जाते.

नेक तयार झाला की बॉडीची खाच त्याच्या टाचेवरून (बॉडीत बसणाऱ्या टोकावरून) साचा बनवून पाडा, चित्रावरून नव्हे. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या गिटारसारखा स्क्रूने जोडायचा नेक धरलाय मी. १९५०मध्ये त्या कंपनीने फळीला स्क्रूने नेक जोडलेली गिटार बाजारात आणली, आणि घरी करणाऱ्याला आजही तोच प्रकार सोयीचा, कारण तो खोलून पुन्हा बसवता येतो. ब्रिजही सपाट बसणारा घ्या. उंच ब्रिज घेतलात तर नेकला मागे कोन द्यावा लागतो. खाच १६ मिलिमीटर खोल. म्हणजे ४५च्या बॉडीत खाली २९ उरतात, आणि ४५ मिलिमीटरचा स्क्रू नेकमध्ये १६पर्यंत शिरतो. टाच २५ जाड असेल तर फ्रेटबोर्डमधून टोक बाहेर येण्याची भीती नाही. तरी स्क्रू लाकडाशेजारी आडवा धरून डोळ्यांनी खात्री करा.

ब्रिजची भोकं सगळ्यात शेवटी. नेक स्क्रूने आवळा, नटच्या दोन टोकांच्या खाचांपासून ब्रिजपर्यंत दोन दोरे ताणा आणि शेवटच्या फ्रेटपाशी बघा: दोन्ही दोरे फ्रेटबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर हवेत. नसतील तर दोरे सारखे होईपर्यंत ब्रिज सरकवा. आखलेली मध्यरेषा काहीही म्हणो, दोरा सांगेल ते खरं. लांबीच्या दिशेने, सगळ्यात पातळ तारेची सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) जवळजवळ पूर्ण पुढे आणून ती ६४८वर येईल असा ब्रिज ठेवा. जाड तारांच्या सॅडल सूर जुळवताना मागे जातात, त्यांना मागे जागा लागते. आणि ब्रिज बसवण्याआधी त्याच्या खालून कंट्रोलच्या खड्ड्यापर्यंत एक बारीक भोक पाडा, अर्थिंगच्या वायरसाठी. हे विसरलं जातं, मग गिटार घुंईऽऽ करत राहते आणि माणूस पिकअपला दोष देतो.

वायरिंग सोपं आहे, पिकअपबरोबर आकृती येते. सिंगल कॉइलला (एका गुंडाळीच्या पिकअपला) २५० किलोओहमचे पॉटेन्शिओमीटर, हंबकरला (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला) ५००चे, एवढं लक्षात ठेवा.

राउटर नवा आहे म्हणालात, म्हणून जरा रागावून सांगते. आधी आकाराच्या दोन मिलिमीटर बाहेरून जिगसॉने कापा आणि राउटरला उरलेलंच काम द्या. एका फेरीत तीन-चार मिलिमीटरहून खोल जाऊ नका. शिंगांच्या टोकांशी, जिथे तंतू कडेला उभे येतात, तिथे पातं लाकडाचा ढलपाच उचकटून काढतं. तो भाग सँडपेपरवर सोडा. चष्मा आणि धुळीचा चांगला मास्क हवाच. फ्रेटबोर्ड शिसवीचा असेल तर आणखी जपा, त्या भुशाची अ‍ॅलर्जी एकदा जडली की पिच्छा सोडत नाही. फिनिशला जवसाचं तेल वापरणार असाल तर तेलाची चिंधी चुरगाळून डब्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. बाहेर उलगडून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा.

आता चार महिने. फावल्या वेळात काम करणाऱ्याला चकचकीत पॉलिश केलेली गिटार एवढ्यात जमणं अवघड आहे, कारण थर सुकायलाच आठवडे जातात. वाजणारी गिटार मात्र जमेल. बनवणारे नाहीतरी फिनिश करण्याआधी सगळं एकदा जोडून वाजवून बघतात. वाढदिवसाला तीच कोरी गिटार द्या, तारा चढवलेली, सूर लावलेली. महिनाभर तिला वाजवू दे. कुठला फ्रेट खरखरतो, नॉब हाताला आडवा येतो का, बाराव्या फ्रेटपाशी तारांची उंची दीड-दोन मिलिमीटर तिला आवडते की कमी हवी, ही यादी ती करेल. मग सगळं खोला, दुरुस्त करा आणि रंग कुठला ते तिला विचारून निवांत फिनिश करा. फक्त देण्याआधी नेकच्या मागच्या बाजूला लाखेच्या पॉलिशचा एक पातळ हात मारा. फिक्या कोऱ्या लाकडात बोटांचा घाम आणि मळ मुरला की नंतर कितीही घासला तरी पुरता निघत नाही.